राखणदाराची पारख : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील बचावपटू कसा जोखावा?

सप्टेंबर उजाडला की मेलबर्न शहरात फुटबॉलखेरीज दुसरा विषय उरत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या, म्हणजे एएफएलच्या, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात चक्क सार्वजनिक सुट्टी असते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला क्रिकेट कळते आणि कबड्डी तर लहानपणापासून माहीत असते. पण सोमवारी सकाळी कार्यालयात एखाद्या बचावपटूवर सुरू झालेली चर्चा त्याला बुचकळ्यात टाकते. एक सहकारी म्हणतो की या खेळाडूला चेंडू कुठे पडणार हे सर्वांच्या आधी कळते. दुसरा म्हणतो की तो एकास एक सापडला की हरतो. दोघेही एकाच खेळाडूबद्दल, एकाच सामन्याबद्दल बोलत असतात आणि पुष्कळदा दोघांचेही खरे असते. ते कसे, हे या लेखात उलगडून पाहायचे आहे, कारण माझ्या मते बचावपटूचा गुण आणि त्याची उणीव या सहसा दोन वेगळ्या गोष्टी नसतात. एकाच सवयीचे ते दोन परिणाम असतात.

खेळ थोडक्यात

हा खेळ क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळला जातो आणि त्याचा उगमही क्रिकेटशी जोडलेला आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये क्रिकेटपटूंना हिवाळ्यात अंग चपळ ठेवता यावे म्हणून फुटबॉल खेळण्याची सूचना केली आणि पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्नमध्ये पहिले लेखी नियम तयार झाले. आज प्रत्येक संघाचे १८ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून थेट पार केला की गोल होतो आणि ६ गुण मिळतात. बाजूच्या खांबांच्या आतून चेंडू गेला तर त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात आणि १ गुण मिळतो.

चेंडू पुढे नेण्यासाठी तो पायाने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलता येतो. हाताने फेकता मात्र येत नाही. पायाने मारलेला आणि किमान १५ मीटर अंतर कापून आलेला चेंडू वाटेत कोणाचाही स्पर्श होण्यापूर्वी झेलला, तर त्या झेलाला ‘मार्क’ म्हणतात. मार्क घेणाऱ्याला निर्वेधपणे पुढची किक मारता येते. बचावपटूला समजून घेण्यासाठी हा एकच नियम नीट लक्षात ठेवला तरी पुरे आहे, कारण गोलखांबांपासून ३०-४० मीटरवर आघाडीच्या खेळाडूने मार्क घेतला, तर त्याला शांतपणे नेम धरून ६ गुणांसाठी किक मारता येते आणि मग बचावपटूच्या हातात फारसे काही उरत नाही.

मूठ की तळवा?

लांब किक हवेत आहे, खाली आघाडीचा उंच खेळाडू आणि त्याला भिडलेला बचावपटू असे दोघे उभे आहेत. बचावपटूपुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे मुठीने ठोसा मारून चेंडू उडवून लावणे. याला ‘स्पॉइल’ म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे तो चेंडू स्वतःच झेलणे. प्रतिस्पर्ध्याची किक अशी अडवून झेलली की तो ‘इंटरसेप्ट मार्क’ होतो. स्पॉइलमध्ये धोका कमी असतो, पण चेंडू कोणाच्याच ताब्यात येत नाही. इंटरसेप्ट मार्कने प्रतिस्पर्ध्याचा हल्ला जागीच संपतो आणि आपला सुरू होतो. मात्र झेल निसटला तर चेंडू नेमका गोलसमोर खाली पडतो आणि तिथे त्याचीच वाट पाहत असलेले आघाडीचे छोट्या चणीचे, चपळ खेळाडू तो वेचून गोल करतात.

त्यामुळे कोणी किती स्पॉइल केले यापेक्षा स्पॉइल केलेला चेंडू कोणत्या दिशेला गेला हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. चांगला बचावपटू घाईतही चेंडू सीमारेषेकडे, गर्दीपासून दूर उडवतो. कच्चा बचावपटू तितक्याच ताकदीने ठोसा मारतो, पण चेंडू पुढ्यातच टाकतो. आकडेवारीत दोघांच्याही नावापुढे एकच स्पॉइल नोंदला जातो.

हातांच्या शिस्तीचाही येथे कस लागतो. चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या हातांवर फटका बसला किंवा त्याला पाठीमागून ढकलले गेले, तर त्याला फ्री किक मिळते आणि तीही गोलच्या टप्प्यात. बहुतेक वेळा ही चूक रागापोटी होत नाही, तर उशीर झाल्यामुळे होते. ज्याची पावले अर्धा क्षण उशिरा पडतात, त्याचे हात हमखास नको तिथे जातात. म्हणून एखादा बचावपटू अशा फ्री किक वारंवार देत असेल तर त्याच्या हातांना दोष देण्याआधी पाय पाहावेत.

आपला माणूस सोडायचा कधी?

हा या विषयाचा गाभा आहे. कबड्डीतला कोपरारक्षक डोळ्यांसमोर आणावा. चढाईपटू आत शिरतो आणि कोपरारक्षकाला वाटते की याचा घोटा आता सापडेल. तो झेपावतो. पकड बसली तर प्रेक्षागृह दणाणते. अर्ध्या क्षणाने चुकली तर तो स्वतः बाद होतो आणि साखळीलाही भगदाड पडते. झेपावण्याची ती ऊर्मी हाच त्याचा गुण असतो आणि तीच त्याची उणीवही असते. ऊर्मी काढून टाकली तर तो सुरक्षित होईल, पण कोणाला धाक वाटावा असा राहणार नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ही झेप मैदानाच्या मोठ्या पट्ट्यावर घडते. बचावपटूकडे एक ठरलेला प्रतिस्पर्धी असतो. दुसऱ्याच ठिकाणी उंच किक येत असते. आपला माणूस सोडून तिकडे धावावे आणि चेंडू झेलावा, की आपल्या माणसाला चिकटून राहावे? धावून झेलला तर तो सामन्याचा नायक ठरतो. चेंडू डोक्यावरून निघून गेला, तर ज्याला त्याने मोकळे सोडले तोच निवांतपणे गोल करतो आणि दूरचित्रवाणीवर त्या गोलजवळ बचावपटू कुठेच दिसत नाही.

वेस्ट कोस्ट ईगल्सचा जेरेमी मॅकगव्हर्न हे याचे ठळक उदाहरण आहे. मुख्य निवडप्रक्रियेत त्याला कोणत्याही संघाने घेतले नव्हते. दुय्यम, म्हणजे रूकी, यादीतून तो संघात आला आणि सुरुवातीच्या काळात आघाडीलाही खेळला. पुढे बचावात स्थिरावल्यावर त्याची पाच वेळा वर्षातील सर्वोत्तम संघात, म्हणजे ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात, निवड झाली. २०१८ च्या अंतिम सामन्यात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखभर प्रेक्षकांसमोर शेवटची काही मिनिटे उरली असताना कॉलिंगवूड निसटत्या आघाडीवर होते. त्यांची किक वेस्ट कोस्टच्या गोलच्या दिशेने येत असताना मॅकगव्हर्नने ती गर्दीवरून उंच उडी घेऊन झेलली. तिथून चेंडू नेथन व्हार्डीकडे, मग लियम रायनकडे आणि अखेर डॉम शीडकडे गेला; शीडने सीमारेषेजवळच्या अवघड कोनातून गोल केला आणि वेस्ट कोस्टने सामना ७९-७४ असा जिंकला. आदल्याच आठवड्यातील सामन्यात झालेली दुखापत अंगावर घेऊन तो त्या दिवशी खेळत होता.

आता याच खेळाडूची दुसरी बाजू पाहू. मॅकगव्हर्न हा वेगवान धावपटू कधीच नव्हता. मोकळ्या मैदानात एखाद्या चपळ आघाडीपटूमागे धावायला लावले तर त्याची गैरसोय होत असे. म्हणून प्रतिस्पर्धी संघ एक युक्ती करत: स्वतः गोल करण्यापेक्षा मॅकगव्हर्नला आपल्याबरोबर दूर खेचून नेणे आणि त्याला मदतीला जाऊ न देणे एवढेच काम ते एखाद्या आघाडीपटूवर सोपवत. त्यावर वेस्ट कोस्टकडे उत्तर होते. टॉम बॅरससारखा भक्कम जोडीदार सर्वांत दणकट आघाडीपटूला अंगावर घेई, त्यामुळे मॅकगव्हर्नला मोकळीक मिळे. २०२१ मध्ये ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवणाऱ्या मेलबर्न संघातही अशीच जोडी होती. स्टीव्हन मे प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आघाडीपटूला सांभाळी आणि जेक लीव्हर चेंडू टिपायला फिरे.

त्यामुळे ‘हा आपला माणूस सोडतो’ हे वाक्य निव्वळ तक्रार म्हणून ऐकू नये. तो सोडतो तेव्हा त्याची जागा घेणारा कोणी आहे का आणि त्या दोघांमध्ये तसे ठरलेले आहे का, हे पाहिल्यावरच ती उणीव आहे की संघाने जाणूनबुजून मोजलेली किंमत आहे, हे सांगता येते.

आकडे काय सांगतात?

एएफएलची अधिकृत आकडेवारी ‘चॅम्पियन डेटा’ ही संस्था ठेवते आणि ती बारकाईने ठेवते. इंटरसेप्ट मार्क, स्पॉइल, बचावक्षेत्रातून बाहेर काढलेले चेंडू, एकास एक झुंजी आणि त्यांतील पराभवांचे प्रमाण, असे सगळे त्यात असते. यांपैकी एकास एक झुंजींतील पराभवांचे प्रमाण मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्यात मदतनीस नसतो.

तरीही एक अडचण उरतेच. ज्वारीचे कणीस भरू लागले की माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार आठवावा. त्याच्या कामाचे माप काय? पाखरांनी न खाल्लेले दाणे. जो दिवसभर ओरडतो आणि शंभर गोटे भिरकावतो त्याच्या शेतात कदाचित पाखरे जास्त उतरत असतील. आणि ज्याने सकाळीच चार गोटे असे मारले की थवा त्या शेताकडे फिरकलाच नाही, त्याच्या नावावर फक्त चार गोटे लागतील. बचावपटूचेही तसेच आहे. तो अशा जागी उभा असतो की प्रतिस्पर्ध्याचा मधल्या फळीतील खेळाडू तिकडे किक मारण्याचा विचारच सोडून देतो आणि चेंडू दुसऱ्या, कमी फायद्याच्या कोपऱ्याकडे पाठवतो. न मारलेल्या किकची नोंद बचावपटूच्या खात्यावर जमा होत नाही.

म्हणून केवळ आकडे पाहून मत बनवणाऱ्यांशी मी सहमत नाही; पण आकडे टाकाऊ आहेत असेही मी म्हणणार नाही. एका सामन्याचे आकडे फसवतात, दोन-तीन हंगामांचे सहसा फसवत नाहीत.

‘त्याच्यासमोर पाच गोल झाले, म्हणजे तो कमकुवतच ना?’

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. याचे उत्तर बचावपटूपासून ऐंशी मीटर दूर, मैदानाच्या मध्यभागी असते. आपल्या मधल्या फळीने दबाव टाकला तर प्रतिस्पर्ध्याची किक घाईत, उंच आणि अंदाजाने मारलेली येते. ती हवेत रेंगाळते आणि बचावपटूला जागा गाठायला वेळ मिळतो. दबाव नसेल तर किक मोजून मापून, सपाट आणि धावत्या आघाडीपटूच्या छातीवर येते. अशा किकपुढे जगातला कोणताही बचावपटू असहाय असतो. पाच गोल झाले असतील तर त्यांपैकी किती वेळा चेंडू पहिल्या प्रकारे आला आणि किती वेळा दुसऱ्या प्रकारे, हे विचारावे. पहिल्या प्रकारच्या किकवर झालेल्या गोलांचा हिशेब मात्र त्याच्याकडे मागायलाच हवा.

२०१९ पासून लागू झालेल्या एका नियमाने ही परीक्षा अधिक कठीण केली आहे. प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यावरून खेळ पुन्हा सुरू होताना दोन्ही संघांना बचाव, मध्य आणि आघाडी अशा तिन्ही भागांत सहा-सहा खेळाडू ठेवावे लागतात. त्याआधी प्रशिक्षक एखादा जादा खेळाडू बचावात आणून उभा करीत. आता तसे करता येत नाही आणि मध्यातून चेंडू झपाट्याने सुटला तर बचावपटू आपल्या प्रतिस्पर्ध्यासमोर एकटा पडतो. एकास एक झुंजीत कच्चा असलेला खेळाडू या क्षणी उघडा पडतो.

याच्या नेमक्या उलट उदाहरण म्हणजे स्टीफन सिल्व्हॅनी. १९९५ च्या अंतिम सामन्यात कार्लटनच्या या बचावपटूने जिलॉन्गच्या गॅरी एबलेट सीनियरला एकही गोल करू दिला नाही. एबलेट कोण, तर १९८९ च्या अंतिम सामन्यात एकट्याने नऊ गोल करणारा खेळाडू. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या शतकातील सर्वोत्तम संघात सिल्व्हॅनीला फुल बॅकची, म्हणजे गोलखांबांसमोरील अखेरच्या बचावपटूची, जागा मिळाली.

‘उंची असली की झाले’

उंची लागते, हे खरे. दोन मीटरच्या आघाडीपटूसमोर पावणेदोन मीटरचा माणूस उभा करणे हा अन्याय ठरेल. पण उंचीपेक्षा उडीची वेळ महत्त्वाची आहे. २००५ चा अंतिम सामना आठवावा. सिडनी स्वान्स चार गुणांनी पुढे, अखेरचे काही क्षण आणि वेस्ट कोस्टची लांब किक थेट गोलसमोरच्या गर्दीवर आलेली. सिडनीच्या लिओ बॅरीने दोन्ही संघांच्या घोळक्यावरून झेपावत तो चेंडू झेलला आणि ७२ वर्षांनी विजेतेपद आणले. बॅरीची उंची सुमारे १८५ सेंटीमीटर, म्हणजे या खेळाच्या मानाने बेताचीच होती. त्या क्षणी त्याने सुरक्षित मूठ न मारता झेल घेतला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने ठोसा मारला असता तर चेंडू खाली कोणाच्या हाती पडला असता, कोणी सांगावे?

जमिनीवरच्या चेंडूकडे तर नवखे प्रेक्षक पाहतच नाहीत. उंच बचावपटू वाकायला वेळ घेतो आणि तेवढ्यात छोटा आघाडीपटू चेंडू लांबवतो. २००९ च्या अंतिम सामन्यात गुण बरोबरीत असताना जिलॉन्गच्या मॅथ्यू स्कार्लेटला चेंडू उचलायला सवड नव्हती. त्याने बुटाच्या टोकाने तो गॅरी एबलेट ज्युनियरकडे ढकलला आणि त्याच चालीतून निर्णायक गोल झाला. स्कार्लेटही मुळात फुल बॅकच होता.

चेंडू हाती आल्यावर

आजच्या खेळात बचावपटू हा हल्ल्याचा पहिला खेळाडूही असतो. अडवलेला चेंडू तो कोणाला देतो, किती लवकर देतो आणि दोन्ही पायांनी मारू शकतो का, यावर त्याची किंमत ठरते. सहज दिसणारी आडवी किक चुकली तर ती आपल्याच गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला दिलेली भेट ठरते. येथेही तीच गोष्ट आहे: धाडसी किक मारणारा बचावपटू संघाला पन्नास मीटर पुढे नेतो आणि अधूनमधून गोलही देतो. दर सामन्यात तो किती वेळा चुकला एवढेच न मोजता चुका कोणत्या परिस्थितीत झाल्या, दमल्यावर की दडपणाखाली, हे पाहिले तर त्याची उणीव सरावाने जाणारी आहे की स्वभावातली आहे, ते कळते.

एक मार्ग सुटकेचाही असतो. क्रिकेटमध्ये चौकार वाचवण्यासाठी एक धाव देतात, तसा बचावपटू चेंडू स्वतःच आपल्या रेषेपलीकडे नेऊन प्रतिस्पर्ध्याला १ गुण देऊ शकतो आणि ६ गुण वाचवू शकतो. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जिलॉन्गला असे ११ बिहाइंड दिले आणि सामना जिंकला. पुढच्या वर्षापासून नियम बदलला. दबाव नसताना मुद्दाम असे केले तर आता फ्री किक दिली जाते. त्यामुळे दबाव खरोखर किती आहे हे क्षणार्धात ओळखणे, हा बचावपटूच्या गुणांत नव्याने जमा झालेला गुण आहे.

कौतुक खेळाडूचे करावे की व्यवस्थेचे?

रिचमंडचा अ‍ॅलेक्स रान्स सलग पाच वर्षे, २०१४ ते २०१८, ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता आणि २०१७ मध्ये ३७ वर्षांनी विजेतेपद जिंकणाऱ्या बचावफळीचा कणा होता. २०१९ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही. तरी रिचमंडने त्या वर्षीचे विजेतेपद ८९ गुणांच्या फरकाने जिंकले. मग रान्स इतका मोठा नव्हताच, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. त्याच वर्षी डिलन ग्राइम्सने अधिक जबाबदारी उचलली आणि तोही ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. मजबूत साखळीतील एक कडी बदलता येते. पण ती साखळी घडत असताना रान्सने शेजाऱ्यांना कुठे उभे राहायचे हे ओरडून ओरडून सांगितलेले असते. बोलणारा बचावपटू हा स्वतःइतकाच बाजूच्या दोघांचाही खेळ सुधारतो.

वय आणि शरीर

संघांत खेळाडूंची निवड साधारण अठराव्या वर्षी होते आणि बचावपटूबाबत ती अनेकदा चुकते, कारण हे काम अनुभवाने उशिरा पिकते. जिलॉन्गचा टॉम स्टुअर्ट तेविशीत स्थानिक क्लबच्या वाटेने आला आणि पुढे अनेकदा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. एसेंडनचा डस्टिन फ्लेचर १९९३ ते २०१५ असा खेळला आणि चाळिशी गाठून त्याने ४०० सामने पूर्ण केले. दुसरीकडे, चेंडूवर नजर ठेवून उलट दिशेने गर्दीत शिरणे हे डोक्यासाठी धोक्याचे असते. २०२५ मध्ये मॅकगव्हर्नला डोक्याला बसलेल्या मारांच्या कारणाने, वैद्यकीय सल्ल्यावरून, निवृत्त व्हावे लागले. ज्या निर्भय झेपेने २०१८ चा सामना फिरवला, तिची किंमत शरीराने मोजली, हे त्याचे मूल्यमापन करताना विसरणे मला बरोबर वाटत नाही.

पाहायचे कुठून?

दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे बचावपटूचे बरेचसे काम चौकटीबाहेर राहते. मैदानावर जाणे शक्य असेल तर बाजूची महागडी जागा न घेता गोलखांबांच्या मागे बसावे. एक पाव सामना, म्हणजे एक क्वार्टर, चेंडूकडे पाहूच नये. एकच बचावपटू निवडावा. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो? तो आपल्या माणसापासून किती पावलांवर उभा आहे, कितीदा मान वळवून मागे पाहतो, हात दाखवून कोणाला जागा बदलायला लावतो? चेंडू मध्यावर आला की ते अंतर कमी होते की वाढते? किक हवेत गेल्यावर त्याचे पहिले पाऊल माणसाकडे पडते की चेंडूकडे?